केनियाला जायच्या आधी एकटीने एसटीने मराठवाडा : मार्ग, मुक्काम, गाडीतली माणसं

खिडकीची_सीट

रामराम मंडळी.

मी उदगीर तालुक्यातली. परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकले, मग एका शेतकरी उत्पादक कंपनीत डाळवर्गीय पिकांचं काम केलं. मार्चमध्ये केनियातल्या मकुएनी भागात एका शेतकरी गटाबरोबर स्वयंसेवक म्हणून काही महिने राहायला जाणार आहे. नैरोबीच्या आग्नेयेला आहे तो भाग. कोरडवाहू. तूर, मूग, चवळी, मका. पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि दोन्ही वेळा बेभरवशाचा.

त्याआधी डिसेंबर-जानेवारीत पाठीवर एक बॅग घेऊन आठही जिल्हे एसटीने फिरायचं ठरवलंय. झालं असं की व्हिडिओ कॉलवर तिथल्या गटातल्या बायकांनी विचारलं, तुमच्याकडे पाणी कुठून येतं, बायका दिवसभर काय करतात, लग्नात काय शिजवतात. मी उदगीर सांगितलं, परभणीचं होस्टेल सांगितलं आणि गप्प झाले. हिंगोली मी पाहिलेलं नाही. बीड पाहिलंय ते संभाजीनगरला जाताना, रात्री, अर्धवट झोपेत.

दुसरं म्हणजे मी अबोल आहे. गाडीत बसले की कानात इअरफोन. तिथे गटाच्या बैठकीत, लोकांच्या घरी, मटाटूत (त्यांची खासगी मिनीबस, आपल्या काळीपिवळीची बहीण) असं करून भागणार नाही. म्हणून स्वतःला नियम घातलाय की गाडीत इअरफोन नाही.

मार्ग सुचवा. एकट्या मुलीने मुक्काम कुठे करावा ते सांगा. आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची, हेही सांगा. हसू नका.

डबल_बेल

पोरी, तुझ्या वयाची लेक आहे मला, म्हणून अहो-जाहो करत नाही. मी एसटीत वाहक होतो, आता निवृत्त.

आरक्षण करू नको. लांब पल्ल्याच्या गाडीत माणसं झोपतात नाहीतर मोबाईल बघतात. जिल्ह्याहून तालुक्याला, तालुक्याहून गावाला जाणारी साधी गाडी धर. त्या गाडीत निम्मी माणसं एकमेकाला ओळखतात. तू नवी दिसलीस की तुला सुरुवातच करावी लागणार नाही. कुठली, कुणाची, एकटीच का, लग्न झालं का, सगळं विचारतील. राग मानू नको. चौकशी पुरी झाली की शेंगांची पुडी पुढे येते.

सकाळी लवकर शहराकडे येणाऱ्या गाड्या बघ. गावात रात्री मुक्कामी राहिलेली गाडी पहाटे निघते. तिच्यात दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, कोर्टाच्या तारखेला निघालेले भाऊबंद (एकाच गाडीत, पुढं-मागं तोंडं फिरवून), दवाखान्याचे कागद छातीशी धरलेली माणसं. गावाचा कारभार कळायला ती गाडी पुरे. उलट संध्याकाळची मुक्कामी गाडी धरून अनोळखी गावात मात्र जाऊ नको. सकाळपर्यंत परतीची सोय नसते.

तिकिटाचं: १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. 'आवडेल तेथे प्रवास' ही पासाची योजना १९८८ पासून आहे, पास चार आणि सात दिवसांचा मिळतो, पण तू रोज थांबत-थांबत जाणार, त्यात तिकीट अर्धं. हिशोब करूनच पास काढ. ७५च्या वरच्यांना ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, त्यामुळे आता गाडीत म्हातारी माणसं लई. लेकीकडं, बहिणीकडं, देवाला, कुठंही निघतात. तुला बोलायला माणूस हवंय ना? आजीच्या शेजारी बस.

आणि खिडकीतून हातरुमाल टाकून जागा धरलेली असेल तर ती जागा त्याची. यावर वाद घालायचा नाही. यावरून मी मारामाऱ्या सोडवल्यात.

गोदाकाठ

मार्ग माझ्याकडून घ्या.

उदगीरचा किल्ला तुम्ही पाहिला असणारच (नसेल तर धागा बंद करा). तिथून कंधारचा किल्ला करून नांदेड. गुरुद्वाऱ्यात लंगर आहे, यात्री निवास आहे. डोकं झाकायला ओढणी ठेवा. नांदेडहून वसमतमार्गे औंढा नागनाथ. गाभारा जमिनीखाली आहे, वाट अरुंद, गर्दीच्या दिवशी जाऊ नका. औंढ्याहून हिंगोली, आणि तिथून नर्सी, नामदेवांचं गाव. परत फिरून जिंतूर. जिंतूर तालुक्यात चारठाणा आहे, जुनी मंदिरं आणि पुष्करणी. पर्यटक औषधाला नाही. मग मंठा, जालना, बदनापूर, संभाजीनगर.

वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. अजिंठ्याला गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला सोडते, तिथून लेण्यांपर्यंत वेगळी बस, अंतर चारेक किलोमीटर. वेरूळच्या रस्त्यावर दौलताबाद आणि खुलताबाद. केनियाला निघालाच आहात तर खुलताबादला मलिक अंबरची कबर बघितल्याशिवाय जाऊ नका. पूर्व आफ्रिकेतून, हबशी प्रदेशातून गुलाम म्हणून आलेला माणूस इथे निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं संभाजीनगर, आणि शहराला नहरीचं पाणी आणलं. १६२६ मध्ये गेला. तिकडच्या बायकांनी पाण्याचं विचारलं ना? हे सांगा.

पुढे पैठण, बीड, अंबाजोगाई, परळी. मग धाराशिव, तेर, तुळजापूर, नळदुर्ग, औसा, लातूर. तेरचं संग्रहालय चुकवू नका. तेर म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर आणि पैठण दोन्ही आहेत, आणि त्याच पुस्तकात आफ्रिकेचा पूर्व किनाराही आहे. एकाच समुद्राचा व्यापार होता तो.

उन्हाळ्यात निघाला असता तर 'घरी बसा' म्हटलं असतं. डिसेंबर-जानेवारी उत्तम. हुरडा मिळेल.

बालाघाटी

मला यात मूळ गोष्टच पटली नाही. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. आमच्या बीडमधून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर गावंच्या गावं ऊस तोडायला जातात. आणि आपण मदत करायला केनियाला? विमानाच्या तिकिटात इथल्या एका शाळेची टाकी बांधून होईल. फिरा की, फिरायला कोण नको म्हणतं, पण त्याला सेवा म्हणू नका.

खिडकीची_सीट

बालाघाटी दादा, सेवा मी कुठेच म्हटलेलं नाही, पुन्हा वर जाऊन बघा.

मी शिकायलाही चाललेय. त्या भागात वाळूचे बंधारे बांधतात. हंगामी नदीच्या पात्रात खडकापर्यंत पाया नेऊन भिंत घालायची. पुरात गाळ वाहून जातो, जड वाळू भिंतीमागे साठते, आणि पाणी त्या वाळूच्या कणांमध्ये राहतं. वर ऊन कितीही तापू दे, बाष्पीभवन फार होत नाही, डास होत नाहीत. बायका पात्रात खड्डा खोदून पाणी भरतात. बांधकामाला गावचे गट सावडीसारखे एकमेकांकडे राबतात. त्यांना माझ्याकडून तुरीतल्या मर रोगाचं आणि गटाच्या हिशोबाच्या वह्यांचं हवंय. देवाणघेवाण आहे.

गोदाकाठ

वाळूत पाणी साठवायला आधी नदीत वाळू पाहिजे. आमची रात्री ट्रकमध्ये बसून पुण्याला जाते.

बालाघाटी

हे मात्र खरं.

नवं_गावठाण

मी किल्लारी भागातला आहे. बालाघाटींच्या प्रश्नावर थोडं लांबण लावतो.

३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. मी प्राथमिक शाळेत होतो. भूकंपाचं सगळ्यांना माहीत आहे, मी नंतरचं सांगतो. नंतर आमच्याकडे मदत आली. देशातून आली, परदेशातून आली. माणसं चांगली होती, रात्रंदिवस राबली, हे आधी लिहितो. पण ट्रकमधून कपडे यायचे आणि त्यात आमच्या आयांनी कधी न घातलेले कपडे. रस्त्याच्या कडेला ढीग पडायचे. नंतर बावन्न गावं नव्या जागी वसवली. सरळ रस्ते, आखीव घरं. भिंती भक्कम, पण जनावरं कुठं बांधायची, चूल कुठं मांडायची, कडबा कुठं रचायचा, हे पुष्कळ ठिकाणी आम्हीच नंतर पत्रे ठोकून ठरवलं. जुनं माळवद (मातीचं जड छप्पर) जीव घेऊन गेलं म्हणून त्याचं नाव काढायची सोय नव्हती, आणि नवीन घरात पाय ठरत नव्हता.

आमच्या आजीला त्या सगळ्यांत एकच बाई आठवायची. परदेशातली. मराठी येत नव्हती. ती येऊन नुसती बसायची, आजीबरोबर शेंगा फोडायची, आणि दुभाष्याला घेऊन विचारायची की जुन्या घरात तुम्ही सकाळी उठल्यावर आधी कुठं जायचा. मग कुठं. मग कुठं. हे सगळं कागदावर काढायची. आमच्या वस्तीतल्या काही घरांना मागचं दार आहे ते तिच्या कागदामुळे, असं आजी सांगायची. खरं-खोटं मला माहीत नाही, पण दार आहे.

तेव्हा ताई, केनियाला जावं की नाही हे मी सांगणार नाही. तुम्ही ज्यांच्याकडे मदत येते त्या मुलखातल्या आहात. एसटीत आजीच्या शेजारी बसून तिचं ऐकायची सवय झाली तर तिकडे उपयोगी पडेल. टाकी बांधायला कंत्राटदार असतो.

डबल_बेल

हात जोडतो.

नर्स_अक्का

मी आफ्रिकेत एका मिशन हॉस्पिटलमध्ये स्वयंसेवक म्हणून राहून आलेय, म्हणून कागदपत्रांचं माझ्याकडून. भावनेचं वरच्यांनी सांगितलंय.

एक, पिवळ्या तापाची लस. केनियाहून भारतात परत येताना तिचं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. लस प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घेतलेली हवी. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, गल्लीतल्या डॉक्टरकडे नाही, आणि अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही. मुंबई-पुण्याची चक्कर आत्ताच धरून चाल. २०१६ पासून एकदा घेतली की जन्मभर चालते, ते पिवळं कार्ड जपून ठेव. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचार.

दोन, परवाना. २०२४ पासून केनियाला जायला व्हिसाऐवजी ऑनलाइन ईटीए (प्रवासाआधीची इलेक्ट्रॉनिक मंजुरी) काढावं लागतं. पण ते फिरायला येणाऱ्याचं. बिनपगारी कामसुद्धा काम असतं. तुला बोलावणाऱ्या संस्थेकडून लेखी घे की परवाना कोणता आणि तो कोण काढणार. 'पर्यटक म्हणून या, इथे कुणी विचारत नाही' असं कुणी म्हणालं तर ती संस्था सोड. ब्रिटनसारख्या देशात तर नियम लिहूनच ठेवलाय, भेटीच्या व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा.

तीन, पैसे. राहण्या-जेवण्याचा खर्च मागणं वेगळं आणि 'अनुभवाची फी' म्हणून लाखभर मागणं वेगळं. अनाथाश्रमात थोडे दिवस येऊन मुलांशी खेळा, असं सांगणाऱ्या जाहिरातींपासून तर लांबच राहा. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये आईबाप असलेली मुलं अशा ठिकाणी आणून ठेवली जाण्याच्या धोक्याबद्दल युनिसेफने उघड इशारा दिला होता. पाहुणे येतात म्हणून मुलं लागतात, असा तो धंदा. मुलांशी संबंध येणारं काम असेल तर चांगली संस्था तुझ्याकडेच पोलीस क्लिअरन्स मागते. ते पासपोर्टच्याच पोर्टलवरून निघतं.

किरकोळ पण महत्त्वाचं: केनियात ऑगस्ट २०१७ पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगला कडक बंदी आहे. बॅगेत चटण्या-लोणच्यांना कॅरीबॅगा गुंडाळून नेशील तर विमानतळावर अडचण. कापडी पिशव्या शिव. आणि तुरीचं बियाणं खिशात टाकून नेऊ नको, कृषीची आहेस म्हणून मुद्दाम लिहिते. दोन्हीकडचे कागद लागतात.

बीडला पोचलीस की जमलं तर जामखेडला जाऊन ये. जिल्हा अहिल्यानगर, पण बीडला लागूनच. आरोळे दाम्पत्याने १९७० मध्ये तिथे ग्रामीण आरोग्याचं काम सुरू केलं, गावातल्या बायकांनाच आरोग्यसेविका म्हणून उभं केलं. ते बघायला जगभरातून माणसं येतात. आपल्याकडे येणारे स्वयंसेवक कसे वागतात, काय विचारतात, हेही तिथे बघायला मिळेल.

मोंढ्यातला

लातूरच्या मोंढ्यात हमाली-तोलाई बघतो. आपल्या डाळमिलांत आफ्रिकेची तूर येते हे पोरीला माहीत असेलच. मोझांबिक, टांझानिया, मलावी. तिकडं पाऊस चांगला झाला की इकडं आमच्या शेतकऱ्याचा भाव पडतो. तिकडच्या शेतकऱ्याला एकदा विचार, तुझ्या हातात किलोला किती पडतात. आम्हालाही सांग. मधल्यांचं काय ते बघू.

खिडकीची_सीट

सगळ्यांचे आभार. लसीची अपॉइंटमेंट घेतली. काल नांदेडहून निघाले, औंढ्याहून लिहितेय.

पहिले दोन दिवस बोलणं जमत नव्हतं. 'ही गाडी अमुक ठिकाणी जाते का' हा प्रश्न मी पाटी वाचून झाल्यावरही विचारत होते, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. पण तो प्रश्न चालतो! एकाला विचारला की चौघं उत्तर देतात, त्यांच्यात मतभेद होतात, आणि त्या भांडणात तुम्ही आपोआप त्यांच्यातले होता.

कंधारहून येताना शेजारी एक पोरगी होती, नांदेडला अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करते. तिने मला केनियाची राजधानी विचारली, मग चलन, मग शेजारचे देश, एकेक करून. मला वाटलं गप्पा मारतेय. ती माझी परीक्षा घेत होती. उतरताना म्हणाली, ताई, टाना ही केनियातली सगळ्यात लांब नदी, लक्षात ठेवा. आता आम्ही रोज एकमेकींना एक प्रश्न पाठवतो.

प्रश्न: गाडीत ओळख झालेल्या बायका 'घरी चल, जेवून जा' म्हणतात. जावं का?

एक_वाचक

अजिबात नाही. जग बदललंय. दोन तासांच्या ओळखीवर कुणाच्या घरी? गोड बोलून काहीही होऊ शकतं.

डबल_बेल

घरात बाई आहे ना, दिवस आहे ना, परतीची गाडी माहीत आहे ना. एवढं बघायचं आणि जायचं. त्या गाडीच्या कंडक्टरला सांगून उतर की अमक्यांच्या घरी चाललेय, परतीला तुमच्याच गाडीने येते. गावात त्याला सगळे ओळखतात, हे घरच्यांनाही कळतं.

नर्स_अक्का

आणि घरच्यांना ठिकाण पाठव, ११२ लक्षात ठेव, फोन चार्ज ठेव. नंबर देताना नेहमीचा देऊ नको, वेगळं सिम ठेव. मी तेच केलं. पुरुष सहप्रवासी कितीही सभ्य असला तरी 'मुक्काम कुठे आहे' याचं उत्तर 'मावशीकडे'. प्रत्येक तालुक्यात आपली एक मावशी असते, हे गृहीत धरायचं.

एक_वाचक

मी माझं मत बदलत नाही.

नर्स_अक्का

बदलू नका. तुमच्यासारखे चार जण घरात असतात म्हणून तर आम्ही ठिकाण पाठवतो.

खिडकीची_सीट

गेले! जिंतूरच्या गाडीत भेटलेल्या एका काकूंकडे, चारठाण्याजवळ. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, वर कच्चा कांदा. सासूबाई आल्या, बसल्या, माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एकटीच हिंडायलीस माय? घरच्यांनी कसं सोडलं?" मी म्हटलं, सोडलं. त्या म्हणाल्या, "मला बी सोडाया पायजे होतं." आणि उठून जनावरांकडे गेल्या. काकूही गप्प, मीही गप्प. मग काकू म्हणाल्या, अजून अर्धी घे.

एका तालुक्याच्या गावी लॉजवाल्याने एकट्या मुलीला खोली द्यायला नकार दिला. आधार दाखवलं तरी नाही. संध्याकाळ झाली होती. स्टँडवर परत आले, कंट्रोलरच्या खिडकीजवळ बसून फोन लावत होते, तर शेजारी बसलेल्या शिक्षिकाबाईंनी विचारलं काय झालं, आणि आपल्या मैत्रिणीच्या मुलींच्या वसतिगृहात सोय लावून दिली. यापुढे माझा नियम ठरला. मुक्काम देवस्थानाच्या भक्तनिवासात किंवा यात्री निवासात, आणि पोचायचं अंधाराच्या आत.

बदनापूरला मुद्दाम उतरले, तुरीच्या संशोधन केंद्रासाठी. आमच्या भागात सगळीकडे पेरतात ती बीडीएन ७११ तिथलीच. जालन्याच्या स्टँडवर ओळख झालेल्या दोघी जणी (एक बँकेच्या परीक्षेवाली, एक माहेरी निघालेली) 'आम्हीपण बघतो तूर' म्हणून सोबत उतरल्या. माहेरी निघालेलीने शास्त्रज्ञांना असले प्रश्न विचारले की मी वही काढून लिहून घेतले. 'शेंगा लवकर भरल्या तर कापसाच्या वेचणीशी गाठ पडते, मग बाईनं आधी कुठं जायचं?' असा प्रश्न मला पदवी घेताना कधी सुचला नव्हता.

मोंढ्यातला

तिलाच पाठवा केनियाला.

खिडकीची_सीट

मीही तेच म्हटलं! पासपोर्ट कसा काढायचा ते तिने विचारून घेतलंय.

संभाजीनगर झालं. खुलताबादला मलिक अंबरच्या कबरीपाशी आम्ही दोघीच होतो. दुसरी म्हणजे वेरूळच्या गाडीत भेटलेली कोलंबोची निवृत्त मुख्याध्यापिका. बौद्ध स्थळांच्या यात्रेतून गट पुढे गेला आणि या मागे राहिल्या, मुद्दाम. म्हणाल्या, गटात मला घाई होते. अजिंठ्याला आम्ही एकत्र गेलो. टी-पॉइंटच्या बसमध्ये उभ्याने. लेण्यांत त्या चित्रांपेक्षा इतर माणसं बघत होत्या, कोण पाया पडतं, कोण सेल्फी काढतं. त्यांनी तरुणपणी दुसऱ्या देशात शिकवलंय. मी विचारलं, पहिल्या आठवड्यात काय करू. त्या म्हणाल्या, भांडी घास. शिकवायला कुणी बोलावेपर्यंत भांडी घास.

नवं_गावठाण दादा, तुमच्या आजीची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी दाराचं दोनदा विचारलं.

नवं_गावठाण

घरी या, दार दाखवतो. लातूरहून औसामार्गे गाडी आहे. आमच्या घरी मंडळी आहेत, आई आहे, डबल बेल साहेबांच्या तिन्ही अटी पूर्ण होतात.

बालाघाटी

बीडला आलात तर कळवा. कपिलधार बघायचा असेल तर आता धबधब्याला पाणी बेताचंच, तरी जागा चांगली आहे. आमच्याकडे जेवायला सुशीला (मुरमुऱ्यांचा नाश्ता) नाही मिळणार, ते सकाळी. दुपारी या.

खिडकीची_सीट

बालाघाटी दादा, तुमच्या घरी सुशीला, दुपारचं जेवण आणि संध्याकाळचा चहा असं सगळंच झालं, त्यामुळे 'सेवा म्हणू नका' हा मुद्दा तुम्ही जिंकलात असं जाहीर करते. वहिनींना नमस्कार.

बीड-केज गाडीत एक आजी होत्या. मुलगा-सून कारखान्यावर तोडीला, नातू आजीपाशी गावात शाळेत. नातवाला आईची आठवण यायला लागली म्हणून त्याला दोन दिवस कारखान्यावर भेटवायला घेऊन चालल्या होत्या. त्यांचं तिकीट फुकट, पोराचं अर्धं. मी उचल (आगाऊ रक्कम) किती, मुकादम कोण, कोयत्याला (तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला) दिवसाचे किती पडतात, असं विचारत सुटले, कारण मला ते सगळं पाठ करून केनियात सांगायचं होतं. आजी थोडा वेळ सांगत होत्या. मग म्हणाल्या, "तू लिहून घिऊन काय करनार?" मी वही मिटली. पुढचा रस्ता पोरगा मला ट्रॅक्टरच्या कंपन्या शिकवत होता, आवाजावरून ओळखायच्या. मला एकही ओळखता आली नाही. तो जाम खूश.

जामखेडचं वेगळं लिहीन, ते एका प्रतिसादात बसणार नाही. तिथल्या एका जुन्या आरोग्यसेविकेशी बोलणं झालं एवढंच सांगते. बाहेरून शिकायला येणाऱ्यांत चांगला कोण, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, ज्याला चहा पाजला की तो गप पितो. साखर विचारत नाही.

नर्स_अक्का

मी साखर विचारायचे. असो.

परवान्याचं काय झालं?

खिडकीची_सीट

संस्थेने लेखी कळवलं, परवाना तेच काढताहेत, फी माझी. लस घेतली, पिवळं कार्ड मिळालं. विमा काढला. मुंबईहून थेट नैरोबी, साधारण सहा तास. तिथून मकुएनीकडे बसने. आजीने कापडी पिशव्या शिवल्यात. एकीवर लातूरच्या डाळमिलचं नाव आहे, पोत्याच्या कापडाची. ती मोंढ्यातला दादांच्या नावाने नेतेय.

मोंढ्यातला

भाव विचारायला विसरू नको.

डबल_बेल

पोरी, एक राहिलं. त्या मटाटूत कंडक्टर असतो का? का ड्रायव्हरच पैसे घेतो? आणि गाडी सोडायची कशी, घंटी असते का?

खिडकीची_सीट

असतो काका. गटातल्या बाईंना विचारलं. तो दारात लोंबकळत ठिकाणांची नावं ओरडतो, गाडी भरल्याशिवाय हलत नाही, आणि सोडायची असली की पत्र्यावर थाप मारतो.

डबल_बेल

मग जमतंय त्यांना. दोरी तुटली की आम्ही तेच करायचो. दोन थापा मारतात का एक, तेवढं बघून कळव.